नदीवरच्या धुणंवाल्या

तान्हा रूबेन रडायच्या आधी जो श्वास घ्यायचा, तो ऐकून त्याची आई ओलेटा कान टवकारायची. लांबच लांब श्वास, आणि तो मध्येच दोनदा अडखळायचा, अंधारात जिना चढताना पाय अडखळावा तसा. मग क्षणभर काहीच नाही. तेवढ्यात ओलेटा हातातलं टाकून पाळण्यापाशी पोचलेली असायची. मग तो भोकाड पसरायचा आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

डॉक्टरांना तिनं पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. शेवटच्या वेळी ते चष्मा काढून म्हणाले, "मिसेस ब्रूक्स, तुमचा मुलगा ठणठणीत आहे. जरा तुम्हीच झोपा. घराण्यात कुणाला दमा वगैरे?"

"यांच्याकडे नाही. माझ्या आईकडचं मला फारसं माहीत नाही," ती म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तेच वाक्य तिच्या मनात घोळत राहिलं.

क्लिफ्टन, तिचा नवरा, लॉस एंजेलिसहून सुटणाऱ्या रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वेटर होता. शिकागोला जायचा, परत यायचा, दोन रात्री झोपायचा की पुन्हा पांढरा कोट इस्त्री करून निघायचा. तो नसला की घर फार मोठं वाटायचं. खरं तर दोनच खोल्या होत्या. ओलेटा शिक्षिकेचं शिक्षण घेऊन आलेली बाई. आता सगळं शिक्षण गॅसची कळ बंद आहे ना, खिडकीतून वारा येत नाही ना, दूध नासलं नाही ना, यातच खर्ची पडत होतं. दिवसदिवस ती मोठ्या माणसाशी एक शब्द बोलायची नाही. बोलली तर शेजारच्या म्हाताऱ्या विधवेशी, कुंपणावरून. दक्षिणेच्या रीतीनं सगळे त्यांना मानानं मिस ल्यूटी म्हणत.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रात टीव्हीचे कार्यक्रम वाचताना तिचा चमचा हातातच राहिला. मंगळवार, दुपारी. 'एमरी थॅचर'. थोर गीतकाराच्या जीवनावरचा लोकप्रिय संगीतपट.

रूबेननं तोंड उघडून ठेवलं होतं. बराच वेळ त्याला घास मिळाला नाही.

*

आयडेला, ओलेटाची आई, लेक दोन वर्षांची असताना तिला मिसिसिपीतल्या कॉटर्स बेंड गावी आजीकडे ठेवून कॅलिफोर्नियाला निघून गेली होती. गाण्यासाठी. सिनेमात तिला कामं मिळाली ती दार उघडायची, तबक धरायची आणि "आले हं बाईसाहेब" म्हणायची. मग एकदा तिनं घरी कळवलं की या खेपेला मी गातेय. अख्खं गाणं, आणि मी सगळ्यांच्या पुढे उभी. सिनेमाचं नाव 'एमरी थॅचर', आपल्या गावातही येईल, बघा.

आजीनं ते माउंट नेबो चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. सिनेमा आला त्या दिवशी सगळं चर्च रविवारच्या टोप्या घालून, थिएटरच्या बाजूच्या लोखंडी जिन्यानं, काळ्यांसाठी ठेवलेल्या वरच्या गॅलरीत जाऊन बसलं. सिनेमा सुरू झाला, सिनेमा संपला. आयडेला कुठेच नव्हती. दारसुद्धा उघडायला नव्हती.

पुढच्याच हिवाळ्यात ती न्यूमोनियानं तिकडेच गेली. त्यामुळे तिला कुणी विचारूही शकलं नाही. राहिली ती गावाची जीभ. शाळेत पोरी ओलेटाला घेरायच्या.

"ए, तुझी आई कुठल्या गं सिनेमात होती? ज्यात ती नव्हती त्याच ना?"

"होती की! पडद्याच्या मागे उभी होती!"

आजी या विषयावर अवाक्षर काढायची नाही. कुणी सिनेमाचं नाव काढलं की ती वाटाण्याच्या शेंगा जरा जास्तच जोरात सोलायला लागायची. बारा-तेरा वर्षांची असताना ओलेटानं सरळ विचारलं होतं, "आजी, आई खोटं बोलली का?"

"तुझी आई खोटं बोलत नसे," आजी म्हणाली. "जेव आता."

एवढंच. ते आईची बाजू घेऊन म्हटलं होतं की विषय मिटवायला, हे ओलेटाला आजवर कळलं नव्हतं. आईचा तिच्याकडे एक फोटो होता. आवाज नव्हता. ती झोपेतसुद्धा आईला ऐकू शकत नसे. स्वप्नात आई यायची ती नुसते ओठ हलवायची. आता तो आवाज मंगळवारी दुपारी तिच्या बैठकीच्या खोलीत येणार होता. एकदा कानानं ऐकायचा, आणि मग आजीला फोन करून सांगायचं, की होती. मी ऐकलं. सगळ्या गावाला सांग.

*

मिस ल्यूटी त्याच सिनेमात होत्या. आयडेला त्यांच्याच घरात मागची खोली भाड्यानं घेऊन राहायची, म्हणून तर ओलेटानं लग्नानंतर या गल्लीत घर बघितलं होतं. मिस ल्यूटींनी तिला पहिल्याच दिवशी मिठी मारून सांगितलं होतं, "तुझी आई गायली, पोरी. मी तिच्या मागे उभी होते." पण मिस ल्यूटी सगळ्यांबद्दलच चांगलं बोलायच्या. गल्लीतला दारुडासुद्धा त्यांच्या तोंडी देवमाणूस असायचा. आईवेगळ्या पोरीला कुणी दुसरं काय सांगणार, असं ओलेटाला आत कुठेतरी वाटत राही. आणि आजीला त्यांचा हवाला देऊन भागलं नसतं. सिनेमातल्या बायकांच्या शपथा आजीनं कधीच मानल्या नव्हत्या.

सोमवारी कुंपणापाशी मिस ल्यूटी चादरी वाळत घालत होत्या.

"उद्या लागणार आहे," ओलेटा म्हणाली. "एमरी थॅचर."

मिस ल्यूटींच्या तोंडात कपड्यांचे चिमटे होते. त्यांनी ते एकेक करून काढले.

"लागू दे. मला इस्त्री करायचीय."

"या ना माझ्याकडे बघायला. कॉर्नब्रेड करते."

"सोन्याची कॉर्नब्रेड केलीस तरी नाही. मी ते एकदा केलं, एकदा बघितलं. बास." मग तिचा चेहरा बघून त्या कुंपणाजवळ आल्या. "हे बघ, पोरी. आधीच सांगते म्हणजे उद्या कळवळू नकोस. तो एमरी थॅचर नदीकाठानं चाललेला असतो. गरीब, गोरा, केस कपाळावर. आम्ही पाचजणी नदीवर धुणं धुतोय. नदी कसली, स्टुडिओतलं टाकं! पाणी इतकं गार की माझी नखं निळी पडली होती. डोक्याला फडकी, पायात काही नाही. तुझी आई त्या फडक्यावरून भांडली बरं का. म्हणाली, माझ्या गावात मी केस विंचरून धुणं धुते. तर तो दिग्दर्शक म्हणतो, बाई, हे तुझं गाव नाही."

"आणि गाणं?"

"गाण्याचे शब्द ऐकशील तर तुझं ते कॉलेज पाण्यात गेलं म्हणशील. आम्ही धुतो, आम्ही हसतो, मालक आमचा किती भला. असलं काहीतरी." मिस ल्यूटी हसल्या, पण फार नाही. "शब्द सोडून दे. आवाज ऐक. तो ऐकून दिवेवालेसुद्धा गप्प उभे राहिले होते."

"मग तो एमरी थॅचर तुमच्याजवळ येऊन ऐकतो?"

"कुठला येतोय! तो नट एक दिवस आधी येऊन, आमच्या जागी काठीला बांधलेल्या रुमालाकडे बघून, मान वळवून, गहिवरून गेला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी रिकाम्या स्टुलाकडे बघून गायलो. तो आणि आम्ही एका चौकटीत नाहीच. तुझा नवरा रेल्वेतला ना? मग त्याला विचार, डबा कसा जोडतात नि सोडतात. आमचं गाणं तसं वेगळ्या डब्यासारखं. दक्षिणेतल्या गोऱ्यांना काळी बाई चहा आणताना चालते, फरशी पुसताना चालते. पण ती उभी राहणार आणि सगळ्यांनी गप्प बसून तिचं ऐकायचं, हे नाही चालत. मग तिकडे डबा सोडून द्यायचा. गाडी धावतेच."

कॉटर्स बेंडच्या गॅलरीत काय झालं असेल ते ओलेटाला प्रथमच नीट कळलं. तिनं कुंपणाची काठी घट्ट धरली.

"पण इथे? हे तर लॉस एंजेलिस."

"इथे आपल्या काळ्या वस्तीत, सेंट्रल अॅव्हेन्यूवर, पूर्ण दाखवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फडकी बघून शिव्याही घातल्या. दोन्ही आम्हालाच." मिस ल्यूटींनी चादर झटकली. "बघ उद्या. आणि रुमाल घेऊन बस."

*

मंगळवारी तिनं रूबेनला लवकर पाजलं, पाळणा आतल्या खोलीत दाराजवळ ओढला, दार अर्धं उघडं ठेवलं. फोनचा रिसीव्हर नीट बसलाय ना ते बघितलं. शिकागोच्या वाटेवर क्लिफ्टन कुठल्या वाळवंटातून चालला असेल याचा विचार केला, आणि तो इथे असता तर बरं झालं असतं, की नसलेलाच बरा, हे तिला ठरवता आलं नाही. रडताना आपल्याकडे कुणी बघितलेलं तिला आवडत नसे.

सिनेमा सुरू झाला. नावं आली. आयडेलाचं नाव त्यात नव्हतं, ते तिला माहीत होतं, तरी तिनं सगळी वाचली.

मग एमरी थॅचरचं बालपण. मोठं पांढरं घर, खांब, बागेत सायंकाळ. जो नावाचा म्हातारा नोकर, पिकलेले केस, छोट्या एमरीला खांद्यावर घेऊन नाचतो आणि म्हणतो, "आम्हाला काय हवं छोटे मालक, तुम्ही हसलात की आम्ही जेवलो!" तो म्हातारा नट चांगला होता. तेच ओलेटाला बघवेना. त्याच्या डोळ्यांत काहीतरी वेगळं चाललं होतं आणि तोंड हसत होतं. तिची आजी गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात असंच हसायची, आणि घरी येऊन बूट काढेपर्यंत ते हसू तिच्या तोंडावरून उतरायचं नाही.

मग थॅचर तरुण झाला. शहरात गेला. रंगमंचावर एक ताफा आला. गोरे पुरुष, जळकं बूच चोळून तोंडं काळीकुळकुळीत केलेले, ओठांभोवती पांढरा पट्टा, हातात पांढरे मोजे. ते डोळे फिरवत, गुडघे आपटत, टरबुजावरून भांडत नाचायला लागले. थॅचर पियानोपाशी बसून खूश. प्रेक्षक उभे राहून खूश. नाच संपेना. ओलेटा वाट बघत होती की आता कापतील, आता संपेल, पण त्या नाचातला एकही पाय कुणी कापला नव्हता. काळं फासलेली ती तोंडं तिच्या बैठकीच्या खोलीत, तिच्या लग्नाच्या फोटोशेजारी, पोटभर नाचून गेली.

मध्येच धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली. एक सोनेरी केसांची बाई पांढरीशुभ्र चादर गालाला लावून हसत होती. ओलेटा आत जाऊन रूबेनला बघून आली. झोपला होता, मूठ तोंडाशी.

परत आली तेव्हा थॅचर कफल्लक होऊन गावी आला होता. प्रेमभंग झाला होता. गाणं सुचत नव्हतं. मावशीच्या घराबाहेर पडून तो नदीच्या दिशेनं चालायला लागला.

ओलेटा खुर्चीच्या टोकाला आली.

झाडं. काठ. केस कपाळावर. तो थांबला. त्यानं मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर ते आलं. गहिवर. काठीला बांधलेल्या रुमालासाठीचा. त्यानं हळूच टोपी काढली.

आणि पडद्यावर मावशीची बैठक आली. मावशी चांदीच्या किटलीतून कॉफी ओतत होती.

ओलेटाला काही समजायच्या आतच तो श्वास आला. लांबच लांब, दोनदा अडखळलेला. तिचं शरीर तिच्या आधी उठलं. खुर्ची मागे पडली, पाय टेबलाला आपटला, ती पाळण्यापाशी पोचली आणि रूबेनच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली.

तो झोपलेला होता. मूठ तोंडाशी. श्वास बारीक, एकसारखा, मांजरासारखा.

ती थांबली. रडणं येईल म्हणून थांबली. आलंच नाही. तो अडखळता श्वास त्याचा नव्हताच.

बाहेर टीव्हीवर मावशी म्हणत होती, "एमरी, किती गोड चाल ही! कुठून आणलीस?"

"काय ठाऊक, मावशी," एमरी थॅचर म्हणाला. "आपोआप सुचली."

*

उरलेला सिनेमा तिनं उभ्यानंच बघितला. वेडी आशा, की पुढे कुठेतरी असेल. थॅचर प्रसिद्ध झाला, आजारी पडला, मोठ्या सभागृहात त्याचं गाणं शंभर गोऱ्या मुलींनी म्हटलं, आणि म्हातारा नोकर दाराबाहेर उभा राहून डोळे पुसत राहिला. संपला.

ती रूबेनला कडेवर घेऊन मिस ल्यूटींच्या मागच्या दाराशी गेली. आत इस्त्रीचा वास होता.

"नव्हतं," ती म्हणाली.

मिस ल्यूटींनी इस्त्री उभी केली. "नव्हतं म्हणजे?"

"तो टोपी काढतो आणि मावशी कॉफी ओतते."

मिस ल्यूटींनी इस्त्रीची वायर भिंतीतून ओढून काढली. मग म्हणाल्या, "दक्षिणेतून आणलं असणार हे रीळ. स्वस्तात पडलं असेल. तिकडचं कापलेलं इकडे आणून लावलं मेल्यांनी." त्यांनी खुर्ची पुढे केली. "बस. आणि ते बुचाचं काळं? तो नाच?"

"तो होता. सगळा."

"असणारच."

ओलेटा बसली नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं, आणि ते बोलायची लाज वाटत होती.

"मिस ल्यूटी, कॉफी ओतताना एक श्वास ऐकू आला. मला वाटलं रूबेनचा. मी धावत गेले. पण हा झोपला होता. एक श्वास, आणि पुढे किंचित... सुरासारखं काहीतरी. अर्धंसुद्धा नाही."

मिस ल्यूटींनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांचे यजमान, गेलेले, याच रस्त्यावरच्या थिएटरात सिनेमाचं यंत्र चालवायचे.

"माझे हे सांगायचे," त्या सावकाश म्हणाल्या, "की पट्टीवर चित्र आणि आवाज शेजारीशेजारी नसतात. आवाज जरासा पुढे छापलेला असतो. कापणारा चित्र बघून कापतो. मग गाण्याच्या सुरुवातीचा आवाजाचा एक तुकडा मागेच राहतो आणि पुढल्या कुणाच्या तरी चित्राला जाऊन चिकटतो. एवढुसा. कुणाच्या लक्षातही येत नाही."

"म्हणजे तो तिचा?"

"आता हे कसं सांगू, पोरी? श्वास आम्ही पाचजणींनी घेतला होता. गार पाण्यात उभ्या होतो, सगळ्याच धापा टाकत होतो. माझाही असेल तो." त्यांनी रूबेनचा पाय हातात घेतला. "तुला तिचा वाटला ना? मग तिचा."

पण ओलेटाला तसं नको होतं. आईवेगळ्या पोरीला दिलेलं समाधान नको होतं.

*

कॉटर्स बेंडला आजीकडे फोन नव्हता. शेजारी डीकनच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याच्या, घरी होता, आणि लांबचा फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं, असाच त्या गल्लीचा समज. ऑपरेटरच्या आवाजात गोऱ्यांची मिसिसिपी होती.

"मिसेस पर्ली गेन्स यांच्यासाठी," ओलेटानं आजीचं नाव सांगितलं.

"पर्ली आहे का तिथे?" ऑपरेटरनं पलीकडे विचारलं. 'मिसेस' हा शब्द तारेतच कुठेतरी गळून पडला.

बराच वेळ खरखर. कुत्रा भुंकला. दार आपटलं. मग चपलांचा फरफर आवाज, आणि आजी धापा टाकत, "कोण गेलं?"

"कुणी नाही, आजी. मी ओलेटा."

"बाळाला काय झालं?"

"काही नाही. झोपलाय."

"नवरा?"

"गाडीवर. सगळे चांगले आहेत, आजी."

"मग फोन कशाला गं केलास? माझ्या पायात धड चपलासुद्धा नाहीत, एक डीकनची आलीय." आजी थोडी शांत झाली. मागे डीकनची बायको काहीतरी विचारत होती. आजी तिला म्हणाली, "कुणी मेलं नाही, सिस्टर, तुम्ही बसा."

ओलेटानं मनाशी कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. होती. मी ऐकलं. सगळ्या गावाला सांग. त्यातलं एकही आता खरं नव्हतं.

"आजी, आज टीव्हीवर तो सिनेमा लागला होता. आईचा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला वाटलं इथे पूर्ण दाखवतील. गाणं नव्हतं, आजी. इथेही कापलं होतं. मी..." तिनं फोनची तार बोटाला गुंडाळली. "मी उगाच फोन केला."

मग आजी अगदी हळू, डीकनच्या बायकोला ऐकू जाऊ नये असं, म्हणाली:

"त्या बाईनं कॉफी ओतली तेव्हा तुला काही ऐकू आलं का?"

ओलेटानं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"अगं बोल. पैसे पडतायत तुझे."

"आलं," ओलेटा म्हणाली. "श्वास. असा लांब, आणि..."

"दोनदा अडखळलेला."

"हो."

आजीनं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. "लहानपणापासून तशीच घ्यायची. गाण्याच्या आधी. चर्चमध्ये मी तिच्या शेजारी बसायचे आणि चिमटा काढायचे, म्हणायचे, बाईसारखा श्वास घे, घोड्यासारखा नको. काही सुधारली नाही." ती थांबली. "त्या दिवशी गॅलरीत मी उभी राहिले. म्हटलं, ही बघा, ही माझी आयडेला! सगळे बघतायत तर पडद्यावर ती गोरी बाई कॉफी ओततेय. डीकननं माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाला, सिस्टर, मन आहे, होतं असं. घरी पोचवायला दोघीजणी आल्या माझ्याबरोबर. वेड्या माणसाबरोबर येतात तशा."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मुलीच्या श्वासावरून मुलगी ओळखली म्हणून? तुला मीच एक होते. त्यात आजी खुळी आहे असं तुला वाटलं असतं, तर तू कुणाकडे बघायचंस?" आजीनं आवाज आणखी खाली आणला. "मी पुन्हा गेले होते. कामावर जाते म्हणून सांगायचे आणि जिना चढून एकटी वर जाऊन बसायचे. सिनेमा गावात होता तोवर रोज. त्या बुचवाल्या माकडांची सगळी थेरं बघायची, त्या म्हाताऱ्या जोचं रडणं बघायचं, आणि मग ती कॉफी यायची. तेवढ्यासाठी. नंतर तो सिनेमा गेला."

ओलेटाच्या डोळ्यांसमोर ती गॅलरी आली. रिकामी बाकं, आणि कामाच्या कपड्यातली एक बाई, कान पुढे करून बसलेली.

"आजी," ती म्हणाली, "रूबेनसुद्धा तसाच श्वास घेतो. रडायच्या आधी. मी डॉक्टरांकडे नेत होते."

"काय म्हणतेस?"

"खरंच. म्हणून तर मला वाटलं..."

आतल्या खोलीत पाळणा करकरला. रूबेन जागा झाला होता.

"उठला," ओलेटा म्हणाली.

"थांब," आजी घाईघाईनं म्हणाली. "उचलू नकोस. ते फोनचं त्याच्याजवळ ने."

तार पुरत होती तेवढी ताणून ओलेटानं रिसीव्हर पाळण्यावर धरला. रूबेननं तिच्याकडे बघितलं, ओठ खाली ओढले, आणि लांबच लांब श्वास घ्यायला सुरुवात केली. एकदा अडखळला. दुसऱ्यांदा अडखळला. मग तो क्षण आला ज्यात काहीच नसतं. ओलेटा हलली नाही.

मग त्यानं भोकाड पसरलं. रिसीव्हरमधून आजी काहीतरी म्हणत होती, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. रडण्यात ओलेटाला एकही शब्द ऐकू आला नाही. तिनं रिसीव्हर कानाला लावला नाही. तसाच त्याच्यापाशी धरून ठेवला.